तारेचा लूप स्वस्त आहे, पण पुरेसा आहे का?

परवाना मिळाला की नवे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, हमखास विचारतात: घरातल्या वायरिंगची तार चौकोनात ताणली, तर तो लूप विकतच्या अँटेनाच्या तोडीचा चालेल का? तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगते. चालतो, आणि उत्तम चालतो.

पूर्ण तरंगलांबीच्या लूपचा, म्हणजे ज्याची तार एका तरंगाइतकी लांब असते त्याचा, रेडिएशन रेझिस्टन्स (लहरी बनून बाहेर जाणाऱ्या शक्तीचा हिशेब देणारा रोध) शंभर ओहमच्या वर असतो. 14 मेगाहर्ट्झला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली, तर तिच्यात उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती जेमतेम दोन-तीन टक्के. जाड नळी लावून तेवढी वाचवलीत तरी पलीकडच्याला फरक कळणार नाही. म्हणून तारेवर खर्च करू नका, लूप उंच कसा जाईल ते बघा. (मीटरभर व्यासाच्या छोट्या लूपचं गणित मात्र उलटं. तिथे हा रेझिस्टन्स ओहमच्याही खाली असतो, त्यामुळे जाड तांबं आणि हजारो व्होल्ट सोसणारा कपॅसिटर लागतोच. दोन्हींना लूप म्हणतात म्हणून गल्लत होते.)

लांबीसाठी 306 ला मेगाहर्ट्झने भागा. 14.2 साठी 21.55 मीटर येतात. तार तेवढी कापा, टांगा, मग एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप) सर्वांत कमी कुठे आहे ते बघा. प्लॅस्टिकच्या आवरणामुळे तो बिंदू खाली सरकतो. समजा, तो 13.8 वर सापडला. मग 21.55 ला 13.8 ने गुणून 14.2 ने भागा: 20.94 मीटर. म्हणजे साठ सेंटिमीटर जास्त आहेत. एकदम कापू नका. आधी पन्नास कापा आणि पुन्हा मोजा. मला या कामातला हा भाग सर्वांत आवडतो, कारण इथे आकडा आणि तार एकमेकांशी बोलतात.

लूपचे शंभरच्या वरचे ओहम रेडिओकडून येणाऱ्या पन्नास ओहमच्या केबलला जुळवायला 75 ओहमच्या टीव्ही केबलचा पाव तरंगलांबीचा तुकडा मध्ये जोडा. आत भरीव पॉलिथिन असलेली केबल असेल तर 14.2 ला साडेतीन मीटर पुरते. केबल खालच्या बाजूच्या मध्यावर जोडलीत तर ध्रुवीकरण (लहरीतलं विद्युत क्षेत्र डोलण्याची दिशा) आडवं, उभ्या बाजूच्या मध्यावर जोडलीत तर उभं. चौकोन जमत नसेल तर एकाच उंच आधारावरून त्रिकोण करा, पण तार दाबून चपटी करू नका. आतलं क्षेत्रफळ घटलं की लूपची मजा जाते.

लूपला मोकळी टोकं नसतात, हाही मोठा गुण. 1940 च्या दशकात इक्वेडोरमधल्या क्विटोच्या एचसीजेबी रेडिओ केंद्रावर, उंचावरच्या विरळ हवेत, बीम अँटेनाच्या (एका दिशेला रोख धरणाऱ्या अँटेनाच्या) टोकांशी विद्युत विसर्जन होऊन टोकं वितळत होती. तिथले इंजिनिअर क्लॅरेन्स मूर यांनी त्यावर उपाय म्हणून पूर्ण तरंगलांबीचे लूप वापरले आणि त्यातून चौकोनी लूपांची क्वाड अँटेना आली.

तार वर फेकण्याआधी आजूबाजूला वीजवाहिनी आहे का ते बघा. लूप तुटून तिच्यावर पडू शकत असेल, तर ती जागा सोडून द्या.