टॉलपडलचे सहा मजूर आणि आमचा नववीचा वर्ग

नववीला इतिहास शिकवणाऱ्या सरांनी औद्योगिक क्रांतीचा धडा संपवला आणि पुस्तक मिटून म्हणाले, "गिरण्यांचं झालं, आता शेतावरच्यांचं ऐका." आमच्या वर्गातली निम्मी मुलं मजुरांचीच. माझे वडील सालगडी, आई रोजानं खुरपायला जायची. पाडव्याला साल ठरताना वडील मालकासमोर मान खाली घालून उभे असायचे, ते मी पाहिलेलं होतं. त्यामुळे त्या तासाचा शब्द न् शब्द डोक्यात राहिला.

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातलं टॉलपडल हे लहानसं खेडं. तिथं शेतमजुराची आठवड्याची मजुरी ९ शिलिंगांवरून ८ वर आली, मग ७ वर, आणि पुढं ६ च देणार असं कानावर आलं. तेव्हा १८३३ मध्ये जॉर्ज लवलेस या मजुरानं सोबत्यांना गोळा करून संघटना उभी केली. लवलेस मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाची प्रवचनंही करायचा, बोलणं त्याला जमायचं. टॉमस स्टँडफील्ड या सोबत्याच्या घरी नव्या सभासदाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, पट्टी सुटली की समोर सांगाड्याचं चित्र, आणि मग गुपित न फोडण्याची शपथ.

इथं सर थांबले. "संघटना करणं तर गुन्हा नव्हता. ती बंदी १८२४ लाच उठली होती. मग यांना धरलं कशात?"

कुणालाच सांगता येईना. जेम्स फ्रॅम्प्टन हा तिथला जमीनदार, आणि मॅजिस्ट्रेटही तोच. त्यानं गृहमंत्री लॉर्ड मेलबर्नला लिहिलं, आणि शोधून काढला १७९७ चा गुप्त शपथांविरुद्धचा कायदा. नौदलातल्या बंडानंतर केलेला तो कायदा लावला नांगर धरणाऱ्यांना! २४ फेब्रुवारी १८३४ ला सहा जणांना अटक झाली: जॉर्ज आणि जेम्स हे लवलेस बंधू, टॉमस स्टँडफील्ड आणि त्याचा मुलगा जॉन, जेम्स हॅमेट, जेम्स ब्राइन. मार्चमध्ये डॉर्चेस्टरच्या कोर्टानं सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. सगळ्यांना दूर ऑस्ट्रेलियाकडे धाडलं: जॉर्जला टास्मानियात, बाकीच्यांना न्यू साउथ वेल्समध्ये. मजुरी वाढवा म्हणणं हा गुन्हा ठरवता येईना, म्हणून शपथ गुन्हा ठरवली. माझ्या मते या खटल्यातला खरा अन्याय हाच.

एप्रिलमध्ये लंडनला कोपनहेगन फील्ड्सवर प्रचंड मोर्चा जमला, सह्यांचे गठ्ठे सरकारकडे गेले. १८३६ मध्ये माफी मिळाली, पण सगळे परतायला १८३९ उजाडलं. पुढं पाच जण कॅनडाला गेले. हॅमेट तेवढा गावातच राहिला आणि १८९१ मध्ये अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहात वारला.

आज मी शेतमजुरांच्या युनियनचं काम करतो. आपल्याकडे १९२६ मध्ये ट्रेड युनियन कायदा झाला आणि सात जणांनाही नोंदणीचा अर्ज करता येऊ लागला. त्यातल्या १७ व्या कलमानं युनियनच्या कायदेशीर कामाला फौजदारी कटाच्या आरोपापासून संरक्षण दिलं. टॉलपडलच्या माणसांना नेमकं तेच मिळालं नव्हतं. पण वस्तीवर बैठक घेतली की कलमाबद्दल कुणी विचारत नाही. फॉर्मवर अंगठा उमटवायच्या आधी बाया विचारतात, "उद्या कामावर घेतलं नाही तर?" मग मी सरांनी सांगितलेली गोष्ट सांगतो. ती ऐकून एक प्रश्न हमखास येतो: "आन् त्यांच्या बायकापोरांचं काय झालं?"

तेच सरांनी सगळ्यात सावकाश सांगितलं होतं. त्या बायका गावच्या गरीब-मदत निधीकडे गेल्या, तर त्यांना हात हलवत परत पाठवलं. नवरा युनियनवाला, तर युनियनच पोसेल, असा हिशेब. आणि खरोखर युनियनवाल्यांनीच पोसलं. लंडनमध्ये समिती नेमून देशभरच्या कामगारांकडून वर्गणी जमवली, त्यावर ती घरं तगली.

एवढं ऐकलं की बैठकीत कुणीतरी आठवड्याला किती टाकायचे ते विचारतं. आमच्या बहुतेक वस्त्यांवर मजुरीच्या मागणीआधी वर्गणीचा ठराव झाला, तो असा.