वेरूळसारखा मातीचा गिलावा करून बघितला, माझा अनुभव

वेरूळच्या लेण्यांत मातीच्या गिलाव्यात गांजाच्या झाडाचे तंतू सापडले, 2016 मध्ये राजदेव सिंग आणि सरदेसाई यांचा तो अभ्यास आला, तेव्हापासून हे करून बघायचं डोक्यात होतं. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते तंतू नाहीत आणि तिथे किड्यांनी चित्रांचं बरंच नुकसान केलंय, असं त्यांचं म्हणणं. गांजाचं झाड आणायचा प्रश्नच नव्हता, म्हणून मी अंबाडीचा वाख, म्हणजे तिच्या सालीचे तंतू, घेतला. म्हणजे किड्यांचा भाग यातून कळणार नव्हता, तो मी सोडूनच दिला.

पहिल्यांदा शेतातली काळी माती घेतली आणि दोन दिवसात अख्ख्या गिलाव्याला बोट जाईल एवढ्या भेगा. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आवळते, हे माहीत असून मी घेतली. गावातले एक आबा बघून म्हणाले, "काळीचा कुणी गिलावा करतं का रं, पांढरीची आण." पण पांढरीचं, म्हणजे जुन्या गाववस्तीचं, टेकाड उकरायचं नाही हे मी पक्कं ठरवलेलं, कारण पुणे जिल्ह्यातल्या इनामगावसारखी साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती अशाच टेकाडात सापडलीय, खापराचा एक तुकडा हलला तरी माहिती जाते. शेवटी आमच्याच पडक्या घराच्या भिंतीची माती चाळून घेतली.

मग चार चौकोन लिंपले. नुसती माती, माती आणि भाताचं तूस, तूस आणि वाख बोटाएवढा कापून, आणि चौथ्यात हेच सगळं शेण घालून बारा दिवस मुरवलेलं. मुरवताना रोज पायाने तुडवायचं, पाचव्या दिवसापासून वास असा की घरातले जवळ येईनात, पण गारा हाताला बदललेला कळतो, तूस मऊ पडतं, चिकटपणा येतो, थापी ओढली की तुटत नाही. माझ्या मते खरी गोष्ट इथेच आहे, काय घातलं यापेक्षा किती मुरू दिलं. आपण प्रयोगात घटक मोजतो आणि दिवस मोजायचे विसरतो.

तीन आठवडे सावलीत वाळवले. नुसत्या मातीला केसासारख्या भेगा, तुसाच्याला थोड्या, वाखाच्या दोन्हींना जवळजवळ नाहीत. मग बाटलीला भोक पाडून एका उंचीवरून थेंब थेंब पाणी सोडलं, नुसत्या मातीत काही मिनिटांत खळगा, न मुरवलेला वाखाचा कडेने सुटायला लागला, चौथा फक्त वरून बुळबुळीत झाला. आता तोच गारा महिनाभर मुरवायला ठेवलाय, झाकून, घरापासून लांब.