जुनापाणी ते माहुरझरी: बरडावरच्या शिळावर्तुळांची पायवाट

नागपूरहून काटोलकडे जाताना जुनापाणी लागतं. गाडीच्या खिडकीतून बघाल तर थांबावं असं काहीच नाही. मुरमाड बरड, पळसाची झुडपं, बोरी, वाळलेलं गवत आणि त्यात पडलेले काळे गोटे. खाली उतरून नजर जमिनीवर ठेवत थोडं चाललं की मात्र हे गोटे ओळ धरायला लागतात. एक वळण दिसतं, ते पुढच्या शिळेपर्यंत जातं आणि बघता बघता गोल पूर्ण होतो. एक ओळखला की पुढचे शोधावे लागत नाहीत. या माळावर सुमारे ३०० शिळावर्तुळं पसरलेली आहेत.

ही लोहयुगातली दफनं. वय साधारण अडीच ते तीन हजार वर्षं. मृताचे अवशेष, सोबत काळी-तांबडी भांडी आणि लोखंडाची हत्यारं ठेवायची, वर माती आणि दगडगोट्यांची भर घालायची आणि कडेनं मोठाल्या शिळा बसवायच्या. भरीचा उंचवटा अजून पायाला जाणवतो. मी एका मोठ्या वर्तुळाला फेरी मारली, शिळांवर हात ठेवत. एकट्यादुकट्या माणसाला हलणार नाहीत अशा त्या शिळा. त्या जागेवर आणायला गावच्या गाव लागलं असणार. जाणाऱ्याला निरोप देण्यासाठी एवढे कष्ट उपसणारी माणसं इथं राहत होती, हे मला कुठल्याही किल्ल्याच्या बुरुजापेक्षा मोठं वाटतं.

काही शिळांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत, ओळीनं. त्यावर बोट फिरवलं की कळतं, हे झिजून झालेलं नाही, मुद्दाम केलेलं आहे. मध्यप्रांत-वऱ्हाडचा कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यानं इथं खोदकाम केलं आणि १८७९ मध्ये त्याबद्दल लिहिलं. युरोपातल्या दगडांवरही अशाच खुणा आहेत, हे त्याच्या लक्षात आलं होतं. पुढे १९६१-६२ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी इथली तीन वर्तुळं शास्त्रीय पद्धतीनं उकरली. अलीकडे खगोलशास्त्रज्ञ मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खळग्यांच्या दिशा मोजून त्यांचा आकाशाशी काही संबंध लागतो का, तेही तपासलं.

जुनापाणीहून मी पांदणीनं माहुरझरीकडे निघालो. दोन्ही बाजूंना तूर काढून झालेली वावरं, मध्येच एखादी संत्र्याची बाग. ऊन चढायला लागलं होतं, पण पळस फुलला होता, त्यामुळे चालणं जड गेलं नाही.

माहुरझरीत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झालं. इथं मृतांसोबत घोडेही पुरलेले सापडले, आणि घोड्याच्या तोंडावर चढवायचा तांब्याच्या पत्र्याचा साजही. घोडा सजवायचा, मग मालकाबरोबर मातीत द्यायचा. त्या वर्तुळांच्या मधोमध उभं राहून मी बराच वेळ याचाच विचार करत होतो. हे गाव मण्यांसाठीही प्रसिद्ध आहे. अकीक आणि तत्सम दगडांचे मणी इथं घडवले जात, आणि नांगरलेल्या वावरात एखादा अजून वर येतो. दिसला तर उचलू नका, कृपा करून. तो कुठे पडलाय, यावरच त्याची सारी माहिती टिकून असते.

चालताना एक गोष्ट मनात पक्की बसली. वर्तुळं बहुतेक बरडावर, काळ्या मातीत नाहीत. काळी माती पिकासाठी, नाल्याकाठची जागा घरांसाठी आणि मुरमाड उंचवटा मेलेल्यांसाठी. बुटीबोरीकडच्या टाकळघाटला वस्तीची पांढरी, म्हणजे जुन्या गावाचं टेकाड, सापडली आणि दफनं शेजारच्या खापा गावाच्या हद्दीत. पारशिवनी तालुक्यातल्या नायकुंडला तर याच लोकांची लोखंड गाळायची भट्टीही मिळाली. म्हणून नवं ठिकाण शोधायचं तर आधी नाला धरावा, मग जवळचं बरड.

पण नेमकी हीच बरडं आता प्लॉट पाडायला आणि मुरूम काढायला सोपी पडतात. निलडोह, हिंगण्याजवळचं रायपूर, दोन्हीकडची वर्तुळं संरक्षित यादीतली, आणि आज ही गावं एमआयडीसीच्या गराड्यात आहेत. याचा मला राग येतो. तीन हजार वर्षं कुणी न हलवलेली शिळा जेसीबीच्या एका फेरीत धुऱ्यावर जाऊन पडते.

परतताना धुऱ्यावर एक वयस्कर शेतकरी भेटले. "कायले हिंडता जी उन्हात? गोटेच तं आहेत."

मी वर्तुळं बघायला आलोय म्हटल्यावर ते सावध झाले. "गवळ्यायच्या काळातले म्हणत होता आमचा आजा. पण थे सरकारी झाले का वावर जाते का जी?"

गावात लोक गप्प का राहतात, ते या एका प्रश्नात कळलं. मी म्हणालो, "काकाजी, वावर जात नाही. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद असतं. पेरायला मनाई नाही. जुन्या स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात लिहिलंय, संरक्षित जागेतसुद्धा शेती चालते, फक्त एक फुटापेक्षा खोल खणायचं नाही."

ते थोडा वेळ वावराकडे पाहत राहिले.

"बैलाचा नांगर तं तेवढा खोल जातच नाही," ते म्हणाले. "मंग ट्रॅक्टरवाल्यालेच सांगा लागते."