धूळ ब्लेडपाशीच धरायची

काँक्रीट, वीट किंवा फरशी कापताना जो लोट उठतो, त्यातली डोळ्यांना दिसणारी धूळ बरीचशी नाका-घशातच अडकते किंवा खाली बसते. घात करते ती न दिसणारी. साधारण ४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्याहून बारीक कण थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. त्यात स्फटिकी सिलिका, म्हणजे वाळू-दगडात असणारं खनिज, असेल तर तिथे व्रण धरत जातात आणि फुप्फुस कडक होतं. हा सिलिकोसिस. तो बरा करणारं औषध नाही, आणि काम सोडल्यावरही तो वाढू शकतो.

अमेरिकेच्या २०१६ च्या नियमाप्रमाणे हवेत घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम सिलिका, आठ तासांची सरासरी, ही मर्यादा आहे. माणूस पाळीभरात साधारण १० घनमीटर हवा घेतो. म्हणजे दिवसभरात अर्धा मिलिग्रॅम, मिठाचे जेमतेम आठ-दहा दाणे. एवढ्याशा मर्यादेपुढे बंद खोलीत कोरडा ग्राइंडर चालवला तर काय होत असेल, याचा अंदाज करा. म्हणूनच मास्क वाटून मोकळं होणं आम्हाला मान्य नाही. धूळ हवेत उडायच्या आतच धरली पाहिजे.

त्याआधी मुळात कापणं किती टाळता येतं ते बघा. पाइप आणि बोर्डांच्या जागा बांधकामाआधी ठरल्या तर नंतर भिंतीत झिऱ्या, म्हणजे लांब खाचा, माराव्या लागत नाहीत. टाइल ओरखडा मारून मोडणाऱ्या कटरने कापली तर धूळ जवळजवळ होतच नाही.

कापायचंच असेल तर पाणी. कट-ऑफ सॉला, म्हणजे हातात धरून चालवायच्या गोल पात्याच्या करवतीला, मिनिटाला किमान अर्धा लिटर पाणी सतत लागतं, आणि ते ब्लेड जिथे मालात शिरतं तिथेच पडलं पाहिजे. मोजणं सोपं आहे: नळीखाली लिटरची बाटली धरा, दोन मिनिटांच्या आत भरली पाहिजे. हाताने पंप मारायच्या टाकीत दाब उतरत जातो आणि धार बारीक होते. काम करणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही, म्हणून मदतनिसाने धारेवर नजर ठेवायची. आधी फरशी भिजवून मग कोरडं कापणं हा फसवा उपाय आहे, कारण ब्लेड खोल गेलं की आतला माल कोरडाच असतो. पाण्याची सोय नसलेल्या विजेच्या ग्राइंडरवर बाटलीने पाणी ओतणं तर जिवाशी खेळ आहे. पाण्यासाठीच बनवलेलं यंत्र घ्या आणि जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीडी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, असू द्या. खाली साचलेला राडा ओला असतानाच उचला. वाळला की तीच धूळ पुन्हा पायांखाली उडते.

पाणी चालत नसेल तिथे ब्लेडभोवती झाकण आणि त्याला जोडलेला औद्योगिक व्हॅक्युम. ब्लेडच्या व्यासाच्या दर इंचाला मिनिटाला २५ घनफूट ओढ हवी, म्हणजे ५ इंची ब्लेडला १२५. घरगुती व्हॅक्युम नको, त्यातून बारीक धूळ मागच्या बाजूने परत खोलीत येते. झिरी मारताना झाकण भिंतीला टेकलेलं ठेवा आणि ब्लेड फिरतं त्याच्या उलट दिशेने सरका, म्हणजे धूळ झाकणाच्या आत जाते. फिल्टर चोंदला किंवा नळी मुडपली की ओढ कमी होते. खोलीत अंधार करून कामाच्या मागून बॅटरीचा झोत टाका. एरवी न दिसणारी धूळ झोतात लगेच दिसते, आणि झाकण कुठे गळतंय तेही कळतं.

झाडू कोरडा मारायचा नाही. कपड्यांवर कॉम्प्रेसरची हवा तर कधीच नाही.

एवढं करून उरलेल्या धुळीसाठी मास्क. गमछा किंवा सर्जिकल मास्क इथे कामाचा नाही. नीट बसलेला एन ९५ आतली धूळ साधारण दहाव्या हिश्शावर आणतो, असं धरून चालतात. बाहेर मर्यादेच्या तीसपट धूळ असेल तर आत तरीही तिप्पट राहते. वरचा पट्टा डोक्याच्या मागे वरच्या बाजूला आणि खालचा कानांखाली मानेवर हवा. दोन्ही एकाच जागी घातले की मास्क हनुवटीपाशी सुटतो. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा, एका हाताने चिमटीत धरली तर मधे घडी पडते. मग जोरात श्वास सोडा; डोळ्यांकडे हवा आली तर पुन्हा बसवा. दाढीच्या खुंटांवर मास्क चिकटत नाही, त्यामुळे रोज दाढी करणं हा कामाचाच भाग समजा. मास्क ओला झाला किंवा श्वास जड जायला लागला की बदला.

कामावर घेतानाच छातीचा एक्स-रे आणि फुंकून करायची स्पायरोमेट्री करून ठेवा, म्हणजे पुढच्या तपासण्या ताडून बघता येतात. सिलिकोसिस असलेल्याला क्षयाचा धोका बराच जास्त असतो. खोकला लांबला तर थुंकीची तपासणी लगेच करा, आणि तो माणूस कापकाम करतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.