हसू नका काकू

"काकू, हसायचं नाही. दात दिसले की फोटो रिजेक्ट होते."

सीताबर्डीचा फोटो स्टुडिओ. स्टुलावर बसलेल्या काकूंचा मुलगा जर्मनीत, नुकतीच नात झालेली. शेंगेन व्हिसाचा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाचा) फोटो: 35 बाय 45 मिलिमीटर, तोंड मिटलेलं, चेहरा कोरा. फ्लॅश पडायच्या आत त्यांच्या ओठांचे कोपरे वर जायचेच. स्टुडिओतला पोरगा पुन्हा म्हणायचा, "काकू, सिरियस!"

काका बाहेर फाइल घेऊन. "जरा बघता का?" म्हणाले. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा, आहे. पासपोर्ट 10 वर्षांच्या आतला, परतीनंतरही 3 महिने चालणारा, दोन पानं कोरी, आहे. बँक स्टेटमेंट, पेन्शनचे कागद, सगळं टॅग लावून. (माझी फाइल एवढी नीट कधीच नसते.)

गाडी अडली होती 'परत येणार याचा पुरावा' इथं.

"काहून बाप्पा? घर इथं, पेन्शन इथं. त्या थंडीत आम्ही राहू काय?"

म्हटलं, हेच कव्हरिंग लेटरमध्ये लिहा आणि घरटॅक्सची पावती जोडा.

नियम आहे, त्यामागचं कारणही कळतं. 90 दिवसांसाठी गेलेले काहीजण राहून जातातच. पण या घरातला परत न येणारा तर केव्हाच तिकडे गेलाय, आणि पुरावा मागताहेत म्हाताऱ्यांना!

तुमच्या आई-बाबांच्या अर्जाला या रकान्यासाठी काय जोडलं होतं? सांगा, काकांना कळवतो.