मिनी ट्रॅक्टर, डम्पिंग ट्रॉली आणि नऊ लिटर तेल पिणारा जॅक - माझा अनुभव

माझ्याकडे २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे, चार वर्षं झाली. घेतला तेव्हा डोक्यात फक्त कपाशी होती, सरीतून कोळपणी आणि फवारणी झाली की पैसे वसूल असा हिशोब. पण ट्रॅक्टर दारात उभा राहिला की माणसाला एकेक सुचतं, तसं मला गेल्या उन्हाळ्यात सुचलं की शेणखत आणि गाळ वाहायला एक छोटी हायड्रोलिक ट्रॉली करून घ्यावी, आपलीच, कोणाच्या मोठ्या ट्रॅक्टरची वाट बघायला नको. आमचं गाव पारोळा तालुक्यात, तामसवाडीचं बोरी धरण फार लांब नाही, आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की गाळ काढायला सगळ्यांची एकच झुंबड. त्या पंधरा-वीस दिवसांत भाड्याचा ट्रॅक्टरवाला कोणाचा फोन उचलत नाही.

ट्रॉली करून घेतली एका फॅब्रिकेशनवाल्याकडून. ६ फूट लांब, ४ फूट रुंद, सव्वा फुटाचे फाळके (बाजूच्या फळ्या). म्हणजे ३० घनफूट. शेणखत भरलं तर पाचसहाशे किलो, पण ओला गाळ भरला तर तीच ट्रॉली दीड टनाच्या घरात जाते हे तेव्हा मी धरलंच नव्हतं. जॅक, म्हणजे तेलाच्या जोरावर ट्रॉली उचलणारा दांडा, नवा घ्यायचा तर महाग पडेल म्हणून तो म्हणाला, माझ्याकडे मोठ्या ट्रॉलीचा जुना तीन टप्प्यांचा (एकातून एक नळी बाहेर येणारा) जॅक पडलाय, पॉलिश चांगलं आहे, सील बदलून देतो, आयुष्यभर बघायचं काम नाही. मला पण वाटलं मोठा जॅक म्हणजे जास्त ताकद, तोटा काय. इथेच फसलो, पण ते कळायला दीड महिना गेला.

पहिल्या दिवशीची गंमत सांगतो. पाईप जोडला, लिफ्टचा लिव्हर वर केला, तर ट्रॉली जागेवरच आणि ट्रॅक्टरचे मागचे हात सरसर वर. पोरं हसायला लागली. तेलाला जिकडे कमी वजन तिकडे ते आधी जातं, रिकामे हात उचलणं सोपं, म्हणून ते हातांकडे गेलं. सीटखाली एक नॉब असतो तो फिरवून हातांकडचा रस्ता बंद करायचा आणि तेल फक्त बाहेरच्या टिपिंगच्या तोंडाला सोडायचं, हे मला चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं आणि मी पण पुस्तक कधी उघडलं नव्हतं. ते पुस्तक नंतर टूलबॉक्समध्ये ग्रीसने माखलेलं सापडलं.

नॉब फिरवला. ट्रॉली उचलली, रिकामी होती, झोकात वर निघाली, आणि अर्ध्यावर जाऊन थांबली. इंजिन रेस केलं तर पंप घरघर करायला लागला, जसं काही आत कोणी गिट्टी दळतंय. लिव्हर खाली केला, ट्रॉली खाली आली, परत वर, परत अर्ध्यावरच. डिपस्टिक काढून बघितली तर तेल चहासारखं, वर फेस. आप्पा (माझे मोठे काका) बांधावर बसून बघत होते, ते म्हणे, "भाऊ, तुनी ट्रॉली तेल पी ऱ्हायनी!" मी म्हटलं आप्पा तुम्हाला काय कळतंय यातलं. आता लिहिताना लाज वाटते, कारण दीड महिन्यात जेवढे लोक ट्रॅक्टर बघून गेले त्यात बरोबर एकटे आप्पाच होते.

पहिल्या मिस्तरीने सांगितलं पंप गेला. मी विचारलं कसा काय गेला, कालपर्यंत तर रोटाव्हेटर नीट उचलत होता. तर म्हणे मिनी ट्रॅक्टरचे पंप असेच. पंप बदलायचा खर्च ऐकून मी दोन दिवस गप्प बसलो. दुसरा मिस्तरी म्हणे पंप ठीक आहे, तेल कमी पडतंय, ट्रॉली वर असतानाच तेल टाकून लेव्हल करा. हे पटलं. मग काय, ट्रॉली अर्धी वर ठेवली, खाली लोखंडी टेकू लावला आणि डिपस्टिकच्या खुणेपर्यंत तेल ओतलं, चार लिटर सहज गेलं. परत उचलली तर या वेळी पूर्ण वर गेली! मी खुशीत आप्पांना जवळ बोलावलं आणि लिव्हर खाली केला. जॅकमध्ये गेलेलं सगळं तेल परत आलं, वरून हे चार लिटर जास्तीचं, आत जागाच नाही, ते ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) कारंज्यासारखं उडालं, सीटवर, माझ्या अंगावर, आणि आप्पांच्या पांढऱ्या धोतरावर. आखाजी (अक्षय तृतीया) चार दिवसांवर होती, धोतर नवीन. काकू आजही खापरावर मांडे टाकताना तो विषय काढते.

तर एक लक्षात ठेवा, तेलाची लेव्हल बघायची ती जॅक पूर्ण बसलेला असताना. ट्रॉली वर असताना भरलं की ते ज्यादाच होणार.

आता खरी गोष्ट. माझी पोरगी तेव्हा दहावीची परीक्षा देऊन घरी बसलेली. मी वैतागून बोलत होतो की या जॅकमध्ये जातं तरी किती तेल, तर ती म्हणे, पप्पा मोजा ना, दंडगोल आहे तो, आम्हाला गणित भाग २ मध्ये महत्त्वमापन होतं, पाय आर वर्ग एच. मी टेप घेऊन बसलो. पहिला टप्पा ११० मिलिमीटर जाडीचा, दुसरा ९०, तिसरा ७०, आणि प्रत्येकाची चाल (बाहेर येण्याची लांबी) ४५ सेंटीमीटर. तिने जुन्या वहीच्या मागच्या पानावर केलं, ४.३ लिटर, २.९ लिटर, १.७ लिटर. म्हणजे जवळपास ९ लिटर! मला काही खरं वाटेना. म्हटलं प्रत्यक्ष मोजू.

चुलत भावाचा ४५ एचपीचा ट्रॅक्टर आणला, त्याने ट्रॉली एका दमात शेंड्यापर्यंत नेली, काही आवाज नाही की फेस नाही. पाईपच्या टोकाला बॉल व्हॉल्व्ह लावलेला होता (हायड्रोलिकचा, पाण्याच्या नळाचा नाही, तो फुटतो), तो बंद करून पाईप ट्रॅक्टरपासून सोडवला, तोंड पत्र्याच्या डब्यात धरलं आणि व्हॉल्व्ह केसाएवढा उघडला. रिकामी ट्रॉली हळूहळू बसत गेली आणि डबा भरत गेला. सगळ्यांना लांब उभं केलं होतं, ट्रॉलीखाली तर कोंबडी पण जाऊ दिली नाही. मग ते तेल ५ लिटरच्या कॅनने मोजलं. एक कॅन पूर्ण, दुसरा पाऊण. पावणेनऊ लिटर. पोरीने फक्त माझ्याकडे बघितलं, बोलली काही नाही.

म्हणजे पंप ठणठणीत होता, जोर पण होता, तेलच नव्हतं. माझ्या ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स आणि हायड्रोलिकचं तेल एकच, त्यातून चार-साडेचार लिटर बाहेर गेलं की पंप जिथून तेल ओढतो ती जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. मग घरघर, मग फेस, आणि फेस काही ट्रॉली उचलत नाही. रोटाव्हेटर उचलताना अर्धा-पाऊण लिटर तेल फिरतं म्हणून तिथे कधी कळलंच नाही.

आणि ताकदीचा हिशोब केला तर अजून हसू आलं. १५० बार प्रेशर म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण १५० किलो. ११० मिलिमीटरच्या टप्प्याचं क्षेत्रफळ ९५ चौरस सेंटीमीटर, गुणाकार केला तर १४ टन. दीड टनाच्या ट्रॉलीला १४ टनाचा जॅक! दोन माणसांच्या चहाला लग्नाचं पातेलं. पातेलं भरल्याशिवाय चहा वर येणार कसा.

अजून एक घोळ या भानगडीत झाला होता तो वेगळाच. जुन्या जॅकमध्ये कुठल्या तरी ट्रॅक्टरचं काळं तेल होतं, ते पहिल्याच दिवशी माझ्या गिअरबॉक्समध्ये येऊन मिसळलं. माझे ब्रेक तेलातले आहेत, त्याच तेलात बुडालेले, त्यांना त्यांचंच ठराविक तेल लागतं. आठ दिवसांत ब्रेक दाबला की कुईं कुईं करायला लागला. सगळं तेल काढलं, जाळी धुतली (जाळीत सीलचे रबराचे बारके तुकडे आणि टेफ्लॉन टेपची शेपटी निघाली, कारण फॅब्रिकेशनवाल्याने नळाला गुंडाळतात तसं जॉइंटला टेफ्लॉन गुंडाळलं होतं) आणि नवीन तेल भरलं. या खर्चात निम्मा नवा जॅक आला असता. दुसऱ्याच्या ट्रॉलीला आपला पाईप जोडताना आता मी दहा वेळा विचार करतो, भाऊबंद असला तरी.

पुढे काय करायचं त्यावर घरात रोज रात्री चर्चा. एक पर्याय होता पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर) वेगळा पंप आणि ट्रॉलीवर स्वतःची तेलाची टाकी. हे चांगलं आहे, तेल आपलं वेगळं, कुठलाही ट्रॅक्टर जोडा. पण पीटीओ ५४० फेरे देतो आणि गिअर पंपाला दीड हजाराच्या आसपास लागतात, म्हणून मध्ये फेरे वाढवणारा गिअरबॉक्स, त्याचा शाफ्ट, टाकी, व्हॉल्व्ह, सगळं मिळून ट्रॉलीपेक्षा मेकअप महाग. ज्याच्याकडे दोन-तीन ट्रॅक्टर आहेत त्याने हेच करावं. दुसरा पर्याय बॅटरीवरचा १२ व्होल्टचा पॉवर पॅक (मोटर, पंप आणि टाकी एकत्र), पण तो वजन उचलताना दीडशे अँपियरच्या आसपास ओढतो, माझ्या ट्रॅक्टरची बॅटरी सकाळी स्टार्टरलाच कुरकुर करते, म्हणजे ट्रॉलीवर वेगळी बॅटरी आली आणि रोज तिला चार्जिंग. आप्पा म्हणे, "जाऊ दे, बैलगाडी जुपी ले." बैल विकून सहा वर्षं झाली होती.

शेवटी सगळ्यात सोपं केलं, जॅकच छोटा घेतला. धुळ्याला जाऊन ७० मिलिमीटरचा एकाच टप्प्याचा नवा जॅक आणला, चाल ६० सेंटीमीटर. घेण्याआधी पोरीने दुकानातूनच फोनवर हिशोब करून दिला, २.३ लिटर. जोर पावणेसहा टनाच्या जवळ, आणि जॅक तिरका बसवला तरी भरलेल्या ट्रॉलीला सुरुवातीला तीन टन पुरतात. दुकानदार म्हणे अजून मोठा घ्या, पुढे कामाला येईल. मी म्हटलं नको भाऊ, मोठ्याची हौस फिटली. बसवताना मात्र जागा बदलावी लागली, चाल कमी म्हणून जॅकचं वरचं टोक मागच्या बिजागरीपासून अडीच फुटावर घेतलं, नाहीतर ट्रॉली जेमतेम पंचवीस अंश उठली असती. आता चाळीसच्या वर जाते. जॉइंटला टेफ्लॉन नाही, डाऊटी वॉशर (आत रबर असलेला धातूचा वॉशर). क्विक कपलिंगला (पाईप झटक्यात जोडायच्या तोंडाला) टोपी लावली आणि टोपी हरवली की कापड बांधतो, कारण मे महिन्यात आमच्याकडे धूळ दळलेल्या पिठासारखी असते आणि कपलिंगला चिकटलेली चिमूटभर धूळ सरळ पंपात.

नवा जॅक लावल्यावर पाच-सहा वेळा रिकामी ट्रॉली वर-खाली केली, आतली हवा निघेपर्यंत ती झटके देत होती, मग लोण्यासारखी चालायला लागली. दहा-बारा सेकंदात पूर्ण वर. तेलाचा रंग जसाच्या तसा.

भरलेल्या ट्रॉलीचा एक झटका मात्र अजून बसायचा होता. पहिल्या दिवशी ओला गाळ ओतताना फाळका उघडला, ट्रॉली वर गेली, पण गाळ चिकटून बसला आणि मग एकदम सगळा मागे सरकला. वजन चाकाच्या मागे गेलं, ट्रॉलीची दांडी वर उठली आणि तिने ट्रॅक्टरचा मागचा भागच उचलला, वीतभर तरी असेल. काळजात धस्स. त्या दिवसापासून ओला गाळ अर्धीच ट्रॉली भरतो, सपाट जागेवरच उभी करतो आणि थोडी उचलून आधी फावड्याने मागचा गाळ मोकळा करतो. आणि वर बघतो, आमच्या शेतातून विजेची तार जाते.

पावसाच्या आधी वीस-बावीस खेपा गाळ टाकून झाला, तीन बिघ्याचा बरड तुकडा होता त्यावर. जुना जॅक चुलत भावाने नेला, त्याच्या मोठ्या ट्रॉलीला बसवला आणि तिथे तो झकास चालतोय. आप्पा अजूनही रोज बांधावर येऊन बसतात, फक्त मी लिव्हरला हात घातला की उठून बाभळीच्या पलीकडे जातात.