तुम्ही विचारलंत म्हणून : ‘माइल्ड’ म्हणजे नक्की किती?

“सुनेला एमएस निघालाय, पण माइल्ड आहे म्हणे. मग गोळ्या नाही घेतल्या तरी चालेल ना?” इंदूरच्या आपल्या मराठी घरांतून हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की आता विचारणाऱ्याचा सूर ऐकूनच तो ओळखू येतो. एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस : शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिन हे आवरण कुरतडते, तिथे डाग पडतात, आणि लक्षणं उसळली की त्याला अटॅक म्हणतात. हे सगळं तुम्ही मोबाइलवर वाचलेलं असतं. तुम्हाला माझ्याकडून फक्त एक ‘हो’ हवा असतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे. औषध लिहिणं माझं काम नाही आणि तो ‘हो’ मी देत नाही. ‘ताई उगाच घाबरवतात’ हेही ऐकून झालंय.

माइल्ड हे आजाराच्या प्रकाराचं नाव नाही. अटॅक येणारा आणि ओसरणारा हा प्रकार, सुरुवातीला सुमारे ८५ टक्के लोकांत हाच असतो. ‘सौम्य’ हा मात्र मागाहून मारलेला शेरा आहे. न्यूरॉलॉजिस्ट कुर्ट्झके यांनी १९८३ मध्ये मांडलेली अपंगत्वाची ० ते १०ची मोजपट्टी अजून वापरतात; आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त. दहा-पंधरा वर्षं उलटूनही आकडा ३च्या आत राहिला, तर त्याला सौम्य म्हणायची पद्धत आहे. मागच्या महिन्यात निदान झालेल्या मुलीला आजच तो शेरा देणं म्हणजे पहिलीच्या पोराला दहावीची गुणपत्रिका देणं.

त्यात ही पट्टी मुख्यतः पाय मोजते. ४ म्हणजे आधाराशिवाय जेमतेम ५०० मीटर, ६ म्हणजे १०० मीटरला काठी. बँकेत बसणारी बाई दुपारी तीननंतर बेरीज दोनदा चुकते, संध्याकाळी कणीक मळायलाही हात उचलत नाहीत, तरी तिचा आकडा २. घरचे म्हणतात, दिसत तर काहीच नाही. पट्टीलाही दिसत नाही, त्यांना काय दिसणार!

पण हेही खरं की वीस-वीस वर्षं फार काही न होता काढणारी माणसं असतात. पहिला अटॅक फक्त डोळ्याचा किंवा मुंग्यांचा, त्यातून पूर्ण सुटका, एमआरआयमध्ये डाग थोडे आणि मणक्यात (म्हणजे आतल्या मज्जारज्जूत) एकही नाही, तर कल बरा मानतात. मणक्यात डाग, अर्धवट सुधारणा, सिगारेट, यांनी कल बिघडतो. कल म्हणजे हमी नव्हे, एवढंच मी म्हणते.

आता ती मे महिन्यातली दुपार. फोन करणाऱ्या बाईंचा कल सगळा बऱ्या बाजूचा होता. दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याचा अटॅक, नजर पूर्ण परत, मणका स्वच्छ. घरात ठरलं की माइल्ड आहे, औषध पुढे बघू. “गच्चीवर पापड घालून आले, कमरेखाली बधिर वाटतंय. पोटाभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं झालंय.” मी म्हटलं, “ऊन लागलंय. ओल्या पंचानं अंग पुसा, कूलरसमोर पडा.”

सल्ला अगदीच हवेतला नव्हता. मायलिन झिजलेल्या तंतूतून संदेश आधीच कसाबसा जातो. अंग अर्ध्या अंशानं तापलं तरी तो अडखळतो. व्यायामानंतर नजर मंदावते हे विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञानं १८९० मध्येच नोंदवलं होतं. एमआरआय नव्हता तेव्हा रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून निदान करत. इथल्या कोरड्या मे महिन्यात कूलरनं अंग निवतं, लक्षण तास-दोन तासांत ओसरतं, नवी इजा काही होत नाही. (जुलैत तोच कूलर कुचकामी ठरतो. हवाच दमट, पाणी उडणार कुठे? तेव्हा फ्रीजरमधला ओला नॅपकिन मानेवर, आणि व्यायामाआधी बर्फाचं पाणी.)

पण ऊन बहुधा जुनाच तडा दाखवतं. त्यांची जुनी जागा डोळा होती. पोटाभोवतीचा पट्टा ही नवी जागा होती, आणि मी विचारलंच नाही. तिसऱ्या दिवशी पाऊल घासटू लागलं, चौथ्या दिवशी लघवी अडली. छातीच्या पातळीवर मणक्यात नवा डाग निघाला. आधी लघवीची तपासणी, कारण जंतुसंसर्गानंही जुनी लक्षणं उसळतात आणि स्टेरॉइडनं संसर्ग भडकतो. मग मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज १ ग्रॅम, सलाईनमधून पाच दिवस. पाय परत आले. लघवीची घाई राहिली ती राहिलीच.

माझी बाजूही आहे. स्टेरॉइडनं सुधारणा लवकर होते, शेवटी किती उणीव उरणार हे त्यानं फारसं बदलत नाही. म्हणजे ते चार दिवस वाचले असते तरी कदाचित इथेच आलो असतो. हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगते. मग आठवतं की त्याआधीच्या दोन वर्षांत ‘माइल्ड आहे हो तुमचं’ हे मीही त्यांना हसत म्हटलं होतं. अटॅक कमी करणारं औषध सुरू असतं तर? तरीही अटॅक येऊ शकतो. नसताही आला.

आता फोनवर आधी विचारते : जुनंच की नवं? ताप आहे का? लघवीला जळजळ? निवाल्यावर तास-दोन तासांत गेलं का? नवं असेल, ताप नसेल आणि २४ तास टिकलं, तर न्यूरॉलॉजिस्ट. घरात उरलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या मनानं सुरू करायच्या नाहीत. डोळ्याच्या अटॅकमध्ये नुसत्या तोंडी कमी डोसनं पुन्हा अटॅक वाढल्याचं १९९२ मध्येच एका मोठ्या चाचणीत दिसलंय.

आणि माइल्ड म्हणण्याआधी अ‍ॅक्वापोरिन-४ या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी झाली का, ते विचारा. एमएससारखाच दिसणारा पण वेगळा आजार, एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका), त्यात सापडतो. त्याचा एकच अटॅक डोळा घेऊन जाऊ शकतो, आणि इंटरफेरॉन, फिंगोलिमोडसारखी एमएसची औषधं त्यात उलटी पडतात. बी-१२ही बघा, ते कमी पडलं तरी अशीच लक्षणं दिसू शकतात आणि आपल्याकडे शाकाहारी घरं पुष्कळ.

अटॅक कमी करणारं डायमिथाइल फ्युमरेट डॉक्टरांनी चालू केलं तर पहिले सात दिवस १२० मिलिग्रॅम दोनदा, नंतर २४० दोनदा, भरल्या पोटी. चेहरा लाल होऊन तापतो. लोक तिथेच घाबरून गोळी सोडतात. सोडू नका, डॉक्टरांना सांगा. आणि दर काही महिन्यांनी रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी मोजून घ्या.

त्या बाई अजून येतात. दर तीन महिन्यांनी पंचवीस फूट चालायला किती सेकंद लागतात ते मी लिहिते. वेळ पाचव्या हिश्शानं वाढली तर दखल घ्यायची. परवा वही मिटताना त्यांनीच विचारलं, “ताई, अजून माइल्डच ना?” मी आकडा वाचून दाखवला.